पायथन २.७ ची फाँट-रूपांतराची लायब्ररी पायथन ३ वर नेताना ‘भाकरी’ची ‘भ्ााकरी’ होतेय

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

जुन्या आठ-बिटी फाँटांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी मी सांभाळतो. मूळ लेखक दुसऱ्या कामांत गुंतला तेव्हा त्याने रिपोच्या, म्हणजे कोडच्या कोठाराच्या, किल्ल्या माझ्याकडे दिल्या. कोड निखळ पायथन, सी वगैरे काही नाही, पण आहे तो पायथन २.७ चा. चालतंय ना, मग हात कशाला लावा, असं आजवर चाललं. आता एका तालुक्याच्या गावातल्या साप्ताहिकाला आपले जुने अंक युनिकोडमध्ये हवेत. मजकूर टेक्स्ट फायलींत काढून ठेवलेला आहे, फाँट टीटी योगेशच्या घराण्यातला. त्यांचं नवं मशीन उबुंटू २४.०४ चं, आणि त्यात पायथन २ चं पॅकेजच नाही.

मग बसलो पोर्ट करायला, म्हणजे कोड पायथन ३ वर न्यायला. सेटअपच्या फायलीत ‘यूज टू-टू-थ्री’ असा पर्याय लिहिलेला होता (टू-टू-थ्री म्हणजे पायथन २ चा कोड आपोआप ३ चा करणारं अवजार). तो सेटअपटूल्सने (पॅकेज बांधायच्या लायब्ररीने) ५८ व्या आवृत्तीत काढून टाकला, त्यामुळे इन्स्टॉलच होईना. टू-टू-थ्री स्वतंत्रपणे चालवू म्हटलं, तर पायथन ३.१३ मधून ते अवजारच गायब. शेवटी ३.११ बसवून त्यातलं वापरलं. प्रिंटचे कंस, हॅज-की, आयटरआयटम्स हे सगळं त्याने बिनबोभाट बदलून दिलं. पुढे गाडी अडलीय ती अशी:

फाइल वाचतानाच लिनक्सवर युनिकोडडिकोडएरर येते, ‘यूटीएफ-८ ला अमुक बाइट वाचता येत नाही’ म्हणून. तीच फाइल विंडोजवर कधी वाचली जाते, कधी १४४ क्रमांकाच्या बाइटवर आपटते. फाइल बायनरीमध्ये उघडली तर पुढच्या लूपमध्ये ‘कीएरर: २०१’. काही ठिकाणी मथळ्याच्या आधी इंग्रजी ‘बी’ आणि अवतरणचिन्ह छापून येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जे काही सुरळीत चालल्यासारखं दिसतं त्यात ‘भाकरी’ची ‘भ्ााकरी’ झालेली असते. टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या!

एका मित्राने सांगितलं की फाइल उघडताना ‘एरर्स इग्नोर’ लाव, सगळं सुटेल. लावून पाहिलं, एरर खरंच गेली. चालेल का हे? आणि दुसरं, ‘सिक्स’ लायब्ररी वापरून २.७ आणि ३ दोन्हींना एकाच कोडमध्ये धरून ठेवावं की २.७ ला सरळ निरोप द्यावा?

तक्त्यातली प्रत्येक की (फाँटातला बाइट किंवा बाइटांची जोडी) शोधून तिच्या जागी युनिकोड अक्षर लावायचा भाग एका विद्यार्थ्याने पाठवलेल्या पॅचमधून घेतलाय. आधी कीज्‌ची यादी करून तिच्या सॉर्टला लॅम्डा (छोटं निनावी फंक्शन) दिलेला होता, त्यावर पायथन ३ कुरकुरत होतं. त्याने लॅम्डा काढून नुसतं सॉर्ट ठेवलं. नंतर प्रत्येक की घेऊन मजकुरावर रिप्लेस.

---

जुळारी

इग्नोर आधी काढा. एरर गेली म्हणजे अक्षरं गेली. वाचता न आलेला प्रत्येक बाइट पायथनने तुम्हाला न विचारता टाकून दिलाय, आणि तुमच्या फाँटात १२८ च्या वरचा जवळजवळ प्रत्येक बाइट म्हणजे एखादा काना, मात्रा किंवा अर्धं अक्षर. साप्ताहिकाच्या जुन्या अंकांत मृत्युलेख असतात, जमिनीच्या जाहिराती असतात, नावं असतात. नावातला काना गेला की माणूसच बदलतो.

आता भाकरी. मी छापखान्यातून या धंद्यात आलोय, त्यामुळे हा आजार लांबूनच ओळखू येतो. या फाँटांत ‘भ’ हे एक अक्षर नसतं. अर्धा भ वेगळा, उभी काठी वेगळी. तुमच्या फाँटात अर्धा भ १६६ वर आणि काठी, म्हणजे काना, २०१ वर असणार. ‘भा’ लिहायला १६६, २०१, २०१ असे तीन बाइट. पहिल्या काठीने भ पुरा होतो, दुसरी हा खरा काना. म्हणून तक्त्यात ‘१६६ २०१ म्हणजे भ’ ही जोडी, ‘१६६ म्हणजे भ्’ आणि ‘२०१ म्हणजे ा’ या तिन्ही नोंदी असतात आणि जोडीची पाळी सुट्यांच्या आधी यावी लागते. सुटा १६६ आधी बदलला की भ् झाला, मग दोन्ही काठ्यांचे काने झाले, आणि झाली तुमची भ्ााकरी.

मूळ लेखकाला हे पक्कं माहीत होतं. तो लॅम्डा उगाच नव्हता. दोन कीज्‌ची लांबी ताडून लांब की आधी लावत होता. पायथन ३ ने सॉर्टमधली अशी तुलना करणारं फंक्शन देण्याची सोय काढली, म्हणून ते ओरडलं. लॅम्डा उडवल्यावर सॉर्ट झालं बाराखडीच्या क्रमाने, आणि त्या क्रमात आखूड की नेहमी तिच्याच लांब भावंडाच्या आधी येते. म्हणजे बरोबर उलटं. त्या मुलाला बोलू नका, एरर घालवायला सांगितली तर कुणीही हेच करेल. तिथे सॉर्टला ‘की’ म्हणून लांबी द्या आणि ‘रिव्हर्स’ खरं करा.

टेस्ट हिरव्या कशा, याचंही उत्तर माझ्या अंदाजाने सोपं आहे. त्या टेस्ट एकेका नोंदीच्या असतील: सुटा १६६ दिला की भ् येतो का, सुटा २०१ दिला की ा येतो का. शब्दांच्या टेस्ट नसतील.

म्हणून कोडला पुढे हात लावण्याआधी एक काम करा. जुनं पायथन कुठूनतरी उभं करा. डॉकरवर (वेगळ्या बंद डब्यात प्रोग्रॅम चालवायची सोय) २.७ ची प्रतिमा अजून उतरवता येते, नाहीतर पायपाय हा पायथनचा दुसरा अवतार घ्या. त्यांचं स्वतःचंच बांधकाम २.७ वर उभं असल्यामुळे ते २.७ सांभाळून आहेत. त्या जुन्या पायथनवर जुनी लायब्ररी, आहे तशी, साप्ताहिकाच्या खऱ्या अंकांवर चालवा आणि निघालेला मजकूर बाजूला ठेवून द्या. इथून पुढे पोर्ट बरोबर की चूक हे त्या मजकुराशी बाइटला बाइट ताडून ठरवायचं. डोळ्यांनी वाचून नाही. ‘ऱ्य’ मध्ये पूर्ण ऱ आहे की र आणि खाली नुक्ता, हे पडद्यावर सारखंच दिसतं. ताडण्याआधी नॉर्मलायझेशनही (अशी सारखी रूपं एकाच साच्यात आणणं) करू नका, हेच फरक त्यात बुजून जातात.

आणि जुन्या निकालात चुका दिसल्या तरी पोर्ट करताना दुरुस्त करायच्या नाहीत. जुन्यात रफार चुकीच्या जागी पडत असेल, तर नव्यातही तो तिथेच पडला पाहिजे. पोर्ट संपला की वेगळ्या कमिटमध्ये (बदलाच्या वेगळ्या नोंदीत) खुशाल सुधारा. दोन्ही एकत्र केलंत की फरक दिसल्यावर तो सुधारणेचा की नव्या घोळाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता बाइट आणि अक्षरं. पायथन २ मध्ये फाइल वाचली की बाइट मिळायचे आणि त्यांनाच स्ट्रिंग म्हणायचे. तुमच्या लायब्ररीचा सगळा कारभार त्यावर चाललेला. पायथन ३ मध्ये स्ट्रिंग म्हणजे युनिकोड अक्षरं, बाइट ही वेगळी जात. बाइटांच्या मालिकेतून एक उचलला तर आकडा हाती येतो, म्हणून ‘कीएरर: २०१’. तुमचा काना तक्त्यात शोधला जातोय, पण आकड्याच्या वेशात. बाइटवर नुसतं एसटीआर (स्ट्रिंग करणारं फंक्शन) लावलं की तो ‘बी’ आणि अवतरणासकट छापला जातो, तुमच्या मथळ्यांचं तेच झालंय. आणि बाइटची स्ट्रिंगशी तुलना केली तर एरर न येता निमूट ‘खोटं’ असं उत्तर येतं. हे शेवटचं सगळ्यात घातक. पायथन चालवताना उणे-बीबी हा पर्याय लावा, म्हणजे अशी प्रत्येक तुलना आणि असं प्रत्येक एसटीआर जागच्या जागी एरर देऊन थांबेल.

फाइल बायनरीमध्ये उघडा आणि लगेच लॅटिन-१ ने डिकोड करा. लॅटिन-१ मध्ये २५६ च्या २५६ बाइटांना त्याच क्रमांकाचं अक्षर मिळतं. काही गळत नाही, कशावर आपटत नाही. विंडोजवर न सांगता जो सीपी-१२५२ हा अक्षरसंच लागतो त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या जागा रिकाम्या आहेत, म्हणून तुमची फाइल १४४ वर आपटते. तक्त्याच्या कीज्‌ही त्याच लॅटिन-१ अक्षरांत करा. आत सगळीकडे स्ट्रिंग, बाहेर लिहिताना यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगून. ओपन फंक्शनला एन्कोडिंग दिल्याशिवाय एकही ओळ ठेवू नका.

सिक्सबद्दल: नको. पायथन ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये. २.७ ची मुदत आधी २०१५ होती, ती वाढवून १ जानेवारी २०२० केली, आणि शेवटचं २.७.१८ त्याच एप्रिलमध्ये निघालं. मधली वर्षं दोन्ही डगरींवर पाय ठेवणं भाग होतं. म्हणून तर ३.० मध्ये काढलेला, युनिकोड स्ट्रिंगआधी लावायचा ‘यू’ हा उपसर्ग ३.३ मध्ये परत घ्यावा लागला. आता दोन्ही धरून कुणाचं भलं होणार? ज्यांच्याकडे २.७ आहे त्यांच्याकडे तुमची जुनी आवृत्ती चालतेच आहे.

---

उत्तररात्र

जुळारींशी बाकी सहमत, पण ‘चुका जशाच्या तशा ठेवा’ हे मला पटत नाही. नदीकाठ यांना साप्ताहिकाचं काम करून द्यायचंय, संग्रहालय उभं करायचं नाहीये. रफार चुकतोय हे दिसत असताना तो मुद्दाम चुकीचा ठेवायचा?

शिवाय लॅटिन-१ चा सल्ला फक्त फायलींना लागू आहे. कुणी वर्डमधून मजकूर कॉपी करून लायब्ररीला दिला, तर तो आधीच सीपी-१२५२ मधून युनिकोड होऊन आलेला असतो. फाँटातल्या १४७ व्या जागेवरचं अक्षर तिथे वळणदार अवतरणचिन्ह बनून येतं, क्रमांक ८२२०. तुमच्या तक्त्यात की १४७ ची. जुळणार कशी?

---

जुळारी

@उत्तररात्र, वर्डचा मुद्दा चोख. तो मी धरला नव्हता कारण प्रश्न फायलींचा होता, पण लायब्ररी म्हटली की कोण काय चिकटवेल सांगता येत नाही. १२८ ते १५९ या ३२ जागांपैकी पाच रिकाम्या, उरल्या २७. त्या २७ अक्षरांचा एक छोटा उलट तक्ता करा आणि ट्रान्सलेट वापरून मजकूर आधी लॅटिन-१ च्या जागांवर आणा. नुसतं ‘सीपी-१२५२ मध्ये एन्कोड’ करू नका, रिकाम्या पाच जागांवरचे बाइट वर्डकडून तसेच येऊ शकतात आणि पायथन त्यांच्यावर अडतं. आणि हे काम फाइलच्या वाटेवर नको, त्यासाठी वेगळं फंक्शन ठेवा. येणारा मजकूर कुठल्या प्रकारचा आहे याचा अंदाज बांधणारा कोड लिहू नका. वापरणाऱ्याला सांगू दे.

रफाराचं म्हणाल तर साप्ताहिकाला चुकीचा मजकूर द्या असं मी म्हटलेलं नाही. क्रमाबद्दल बोलतोय. आधी पोर्ट, त्यावर खूण, मग दुरुस्ती. एका दुपारचा तर फरक.

---

टिंबटिंब

दोघांनी फाँटाचं झोडपलंय, मी पुढच्या पायरीचं सांगतो. रूपांतर झाल्यावर शब्द तोडून काही शुद्धलेखनाची दुरुस्ती करत असाल आणि तिथे पायथनच्या ‘री’ या नमुने शोधणाऱ्या मॉड्यूलमधलं उलटी तिरकी रेघ-डब्ल्यू (शब्दातलं कुठलंही अक्षर) वापरलं असेल, तर सावध. पायथन ३ मध्ये ते युनिकोड समजतं, पण मात्रा आणि वेलांट्या त्याच्या हिशोबात अक्षरं नाहीत. ‘किती’ दिलं तर ‘क’ आणि ‘त’ असे दोन तुकडे हातात येतात. शब्दाची हद्द दाखवणारं तिरकी रेघ-बी पण तसंच फसतं. पायपीआय या पायथनच्या लायब्ररींच्या भांडारातलं ‘रेजेक्स’ मॉड्यूल घ्या, ते मात्रांना शब्दातच धरतं. बाहेरचं मॉड्यूल नको असेल तर देवनागरीचा पट्टा स्वतः द्या, पण त्यातून दंड वगळा आणि शून्य-रुंदीचा जोडक आठवणीने घाला. तो देवनागरीच्या पट्ट्यात नाही, आणि ‘र्‍या’ त्याच्याशिवाय तुटतो.

उलट बाजूने, अंक शोधणारं तिरकी रेघ-डी देवनागरी अंकही पकडतं. इंट या आकडा करणाऱ्या फंक्शनला ‘२०२४’ दिलं तर तो मुकाट २०२४ करून देतो. पानांचे क्रमांक इंग्रजी अंकांतच असतील असं गृहीत धरून कुठे काही लिहिलं असेल तर बघून घ्या.

---

नदीकाठ

वा, धन्यवाद सगळ्यांना. क्रमाने केलं. जुनं पायथन डॉकरमध्ये उभं केलं, जुने अंक त्यातून काढून निकाल ठेवला. लॅटिन-१, उणे-बीबी, लांबीप्रमाणे सॉर्ट, सगळं लावलं. उणे-बीबीने परिच्छेद तोडण्याच्या फंक्शनमध्ये एक तुलना पकडली, तिथे रिकामी ओळ कधी रिकामी ठरतच नव्हती. भाकरी पुन्हा भाकरी झाली.

पण काही फरक उरलेत आणि ते मला उलगडत नाहीत. बहुतेक ‘क्ष’ आणि ‘र’ च्या जोडाक्षरांच्या आसपास. जुन्या निकालात एक, नव्यात दुसरं. कोड आता तोच, तक्ता तोच, क्रम लांबीचा. मग?

---

जुळारी

क्रम लांबीचा, पण सारख्या लांबीच्या कीज्‌चं काय? पायथनचा सॉर्ट स्थिर आहे, म्हणजे बरोबरीच्या नोंदी तो आधी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने ठेवतो. आधीचा क्रम येतो डिक्शनरीतून, म्हणजे तक्ता ज्यात ठेवलाय तिच्यातून. पायथन २ मध्ये तो हॅशवर (कीवरून काढलेल्या आकड्यावर) ठरायचा, तुम्ही तक्ता कसाही लिहा. पायथन ३.७ पासून भाषेनेच हमी दिलीय की ज्या क्रमाने नोंदी घातल्या त्याच क्रमाने मिळतील. तुमच्याकडे दोन-दोन बाइटांच्या अशा जोड्या असणार की एकीचा शेवटचा बाइट तोच दुसरीचा पहिला. जी आधी लागेल ती तो बाइट खाऊन टाकते.

मजा अशी की जुना निकालसुद्धा इथे प्रमाण नाही. ३२-बिटी मशीनवर हॅश वेगळा, म्हणून क्रम वेगळा असू शकतो, म्हणून निकालही. कुणाकडे काय छापलं गेलं असेल देव जाणे. तेव्हा हा अपवाद: इथे जुन्याशी जुळवत बसू नका.

एकामागून एक रिप्लेसचा लूपच काढून टाका. सगळ्या कीज् लांबीच्या उतरत्या क्रमाने एका रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘किंवा’ने जोडा. प्रत्येक कीला एस्केप लावायला विसरू नका, फाँटात कंस आणि टिंबाच्या जागांवरही अक्षरं असतात. मग मजकुरावरून डावीकडून उजवीकडे एकदाच फिरा. वाचणारा ज्या दिशेने वाचतो त्याच दिशेने जोड्या जुळतील आणि डिक्शनरीच्या क्रमाचा संबंधच उरणार नाही. एकदा बदललेलं पुन्हा बदललं जाण्याची भीतीही जाते. ह्रस्व वेलांटी अक्षरानंतर नेणं आणि रफार अक्षराआधी आणणं ही कामं मात्र या फेरीनंतर, वेगळी. ती या तक्त्यात कोंबू नका.

उरलेले फरक मग छापील अंकाशी ताडा. साप्ताहिकाकडे फायली शिवून ठेवलेल्या असतीलच.

---

उत्तररात्र

म्हणजे शेवटी जुन्यातली चूक दुरुस्त करायचीच ठरली ना! :)

नदीकाठ, आवृत्तीचा क्रमांक पूर्ण वाढवा, १ ची २ करा. पॅकेजच्या माहितीत किमान पायथन लिहा. पॅकेजं बसवणारा पिप ९ व्या आवृत्तीपासून ते बघतो, त्यामुळे २.७ वर अडकलेल्यांना आपोआप तुमची शेवटची जुनी आवृत्ती मिळत राहील, कुणाचं काही मोडणार नाही. किमान ३.१० ठेवा, ३.९ चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्येच संपलाय. डिस्टयूटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) कुठे इम्पोर्ट होत असेल तर तेही काढा, ३.१२ पासून ते नाही. टेस्टमध्ये ‘असर्टइक्वल्स’ असं अनेकवचनी लिहिलेलं असेल तर तेही ३.१२ मध्ये गेलं.

---

नदीकाठ

अनेकवचनी असर्ट भरपूर होते, निघाले. एका फेरीचं रेग्युलर एक्स्प्रेशन लावल्यावर क्ष ची भानगड मिटली. ताडून पाहिलेल्या पानांवर नवा निकाल छापील अंकाशी जुळतो, जुना नाही. रफाराची दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये ठेवलीय, जुळारींचा मान राखून.

एक शंका उरली आहे. १४४ व्या जागेवर माझ्या तक्त्यात काहीच नाही, आणि मजकुरात तो बाइट मधूनच येतो, बहुधा ‘द्ध’च्या जवळपास. इतके दिवस जुनी लायब्ररी तो तसाच पुढे ढकलत होती. कुणाकडे या फाँटाचा छापील कळ-तक्ता असेल तर फोटो टाका, तेवढी नोंद भरून २.० चढवतो.

---

जुळारी

माळ्यावर आहे. रविवारी काढतो.